मे महिन्यात मुंबईला पाच जण जाऊ नका

चार जा, नाहीतर सहा जा. पाच हा मुंबईसाठी सगळ्यात महागडा आकडा आहे आणि ही गोष्ट निघण्याआधी एकाही माणसाने आम्हाला सांगितली नाही. काळ्यापिवळ्या टॅक्सीत चार उतारू बसतात, रिक्षात तीन. म्हणजे पाच मित्र निघाले की प्रत्येक वेळी दोन गाड्या, दोन मीटर, आणि एक गाडी सिग्नलला अडकली की दुसरीने फुटपाथवर ताटकळायचं. सहा जण असले तरी दोनच गाड्या लागतात, पण माणशी खर्च उतरतो.

मीटरचा हिशेब पाठ करून जा. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं पहिलं दीड किलोमीटर ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. रिक्षाचे २६ आणि १७.१४. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच यात पाव पट भर. सीएसएमटी ते गेटवे जेमतेम अडीच किलोमीटर, म्हणजे साधारण ५२ रुपये. मेच्या सुट्टीत स्टेशनबाहेर भाव निघतो तो असा: "पाच जण? बसा, एकातच घेतो, तीनशे द्या." दोन टॅक्स्या मीटरने केल्या तरी १०४ होतात. त्यात पाचवा माणूस बसवणं नियमाबाहेरचं, त्यामुळे वाटेत हवालदार दिसला की गाडी कडेला आणि वेळ तुमचा. स्टेशनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टॅक्स्यांशी बोलूच नका. शंभर-दोनशे पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवा, दार उघडण्याआधी "मीटर" एवढाच शब्द बोला, आणि मीटर टाकल्यावर आकडा ३१ वरच आहे ना ते बघा. रिक्षा शोधत बसू नका. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीतच. आमच्यातले दोघे दादरला "इथे रिक्षा स्टँड कुठे" विचारत हिंडले, तेव्हा पानवाला हसला.

बेस्टची बस हा पाच जणांसाठी खरा उपाय. पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० रुपये, एसीला १२. दिवसभराचा पास ७५. एसी बस आली तर दुसरा विचार न करता चढा, कारण मुंबईचा मे तापमानाने मारत नाही, दमटपणाने मारतो. पारा ३३-३४ दाखवतो आणि पुणे-नाशिकचा माणूस म्हणतो की हे तर आमच्यापेक्षा कमी. इथे घाम वाळत नाही, हा फरक. सुती कपडे, दिवसाला दोन शर्ट आणि माणशी दोन लिटर पाणी धरून चाला.

मुक्काम दादरला करा. कुलाब्यात फोटो चांगले येतात, पण दादरला पश्चिम, मध्य आणि भुयारी मेट्रो तिन्ही हाताशी आहेत. एक सावधगिरी: डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांचे आकडे बदलले आहेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या माहितीवर विसंबून "सेंट्रलचा एक नंबर" शोधलात तर पूल दोनदा चढाल, सामानासकट.

तिकिटाचं: रेल्वेचा पर्यटक पास सेकंड क्लासला एक दिवस ७५, तीन दिवस ११५, पाच दिवस १३५. पैसे वाचतील या आशेने घेऊ नका. दादर-सीएसएमटीचं साधं तिकीट पाच रुपये आहे, आठवडाभर गिरगाव-फोर्टच करणार असाल तर पासाची किंमत वसूल होणार नाही. तो घ्यायचा तो रांग चुकवायला. ॲपवरून तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा, फलाटावर उभं राहून निघत नाही. साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढलात तर किमान २५० दंड, आणि सगळ्यात घाई असते तेव्हाच नेमकी एसी लोकल समोर येते. दार उघडं नाही हे दिसलं की ओळखा. विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरायच्या इराद्याने चढू नका. संध्याकाळी तर नाहीच. आतली माणसं तुम्हाला दारापर्यंत येऊ देणार नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे.

भुयारी मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, ९ ऑक्टोबर २०२५ पासून. साडेतेहतीस किलोमीटर, भाडं १० ते ७०. दादरहून हुतात्मा चौकाला उतरून गेटवे वीसेक मिनिटं चालत. खाली मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरू नका, तिकीट वर असतानाच काढा. पाच जणांनी पाच ठिकाणी उभं राहून पाच वेळा पैसे भरायचा प्रयत्न करू नये. एकाने पाचही काढावीत.

आता मुख्य दुखणं. मुंबईत आठवडा आखताना कुठे जायचं हे नंतर ठरवा, आधी वार बघा. एलिफंटा (म्हणजे घारापुरी बेटावरची लेणी) आणि कान्हेरी (बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली लेणी) सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, साधारण अकरा ते चार, कुठली मार्गिका ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं. शनिवार-रविवारी सगळीकडे सगळी मुंबई. आता सोमवार, बुधवार आणि वीकेंड वजा करा. बाहेरच्या माणसाला मोकळे उरतात ते मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. एलिफंटा मंगळवारी, कान्हेरी गुरुवारी, राणीची बाग शुक्रवारी, असं बसवलं तरच बसतं. आम्ही एलिफंटा शनिवारी केलं. नका करू.

एलिफंटाची पहिली बोट नऊच्या सुमारास सुटते. तीच पकडा. गेटवेला शिरताना सुरक्षातपासणीची रांग असते, म्हणून सव्वाआठला तिथे असा. आवारात "बोट, बोट" करत हात धरणारे असतात. त्यातले काही अर्ध्या तासाची बंदरफेरी विकतात आणि "एलिफंटा?" विचारलं तरी मान हलवतात. तिकीट खिडकीवरच घ्या आणि त्यावर घारापुरी किंवा एलिफंटा आणि जाऊन-येऊन असं लिहिलंय का ते वाचा. भाडं अडीचशे-तीनशेच्या दरम्यान. परतीचं तिकीट तेच, हरवलं तर पुन्हा पैसे, त्यामुळे पाचही तिकिटं ओल्या खिशात ठेवणाऱ्या माणसाकडे देऊ नका.

बोटीत चढल्यावर वरच्या डेकचे वेगळे पैसे मागतात. मे महिन्यात वरचा डेक म्हणजे पैसे देऊन ऊन विकत घेणं. खाली बसा, मधल्या भागात. मागे डिझेलचा वास, पुढे आपटणं जास्त. ज्याला बोट लागते त्याला मधेच बसवा. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाची बोट बुडाली तेव्हापासून लाईफ जॅकेट घालायला लावतात. गरम होतं, कुबट वास येतो, तरी पट्टे लावूनच बसा.

तासाभराने बेट येतं आणि मग चिल्लर सुरू होते. धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी, दहा रुपये. चालत दहा मिनिटं लागतात, आणि शनिवारी गाडीची रांगच वीस मिनिटांची. ग्रामपंचायतीचा कर, दहा रुपये. तो द्या, गावाचा आहे. मग १२० पायऱ्या. पायऱ्या काहीच नाहीत, त्रास आहे तो वरच्या ताडपत्रीचा. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री, वारा शून्य. सावली म्हणून बरं वाटतं, पण आत हवा कोंडून राहते आणि साडेअकरानंतर तिथे भट्टी होते. हा दीडशे-दोनशे मीटरचा टप्पा आठवड्यातला सगळ्यात वाईट. मधे थांबून टोप्या-माळांचा भाव करू नका, एका दमात वर जा. पाण्याची बाटली वर छापील किमतीला मिळेल ही अपेक्षा सोडा आणि गेटवेहूनच भरून न्या. हातात उघडी धरू नका, माकडं बाटली ओळखतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट ४० रुपये, ऑनलाइन ३५. मुंबईतच काढून ठेवा, वर रेंज लपाछपी खेळते.

वेळेचं महत्त्व कशाला सांगतो: मुंबईत १५ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. नऊच्या बोटीने गेलात तर साडेदहाला लेण्यात असता आणि बाराला उतरता. अकराच्या बोटीने गेलात तर नेमके त्या वेळी पायऱ्यांवर.

बघायचं एक नंबरचं लेणं. बाकीची लेणी अर्धवट किंवा ढासळलेली, पाच मिनिटांत होतात. तोफेच्या टेकडीवर मेमध्ये जाऊ नका, तिथे सावली नाही आणि तोफेचा फोटो आधीच सगळ्यांनी पाहिलाय. त्यापेक्षा तो अर्धा तास मुख्य लेण्यात द्या. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. लोक नेमके याच वेळात फोटो काढून परततात. खांबाला टेकून बसा, डोळे सरावू द्या. मग दक्षिणेच्या भिंतीतली वीसेक फुटांची महेशमूर्ती, शिवाची तीन मुखं, अंधारातून हळूहळू बाहेर येते. समोरचा तत्पुरुषाचा शांत चेहरा, एका बाजूला कपाळाला आठ्या घातलेला अघोर, दुसऱ्या बाजूला हातात कमळ घेतलेला वामदेव. खालचा ओठ किती जाड कोरलाय ते बाजूने बघा, समोरून कळत नाही. हे एवढं पाहिल्यावर भट्टी, माकडं, शनिवार सगळं माफ होतं. परतीच्या रांगेत पुन्हा आठवतं.

परतीच्या बोटी चारनंतर तुडुंब. गेटवेला गर्दी असली की बोटी एकीला एक लावतात आणि दुसऱ्या बोटीवरून उड्या मारत धक्क्यावर यावं लागतं. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल हवेत.

समुद्राचं काम आठवड्याच्या सुरुवातीला उरका आणि मेचा शेवटचा आठवडा टाळा. पावसाची मुंबईतली नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला. समुद्र खवळला की बोटी बंद होतात.

राणीच्या बागेचा निकाल: पेंग्विनसाठी जाऊ नका. तिकीट प्रौढांना ५० रुपये, काचेपुढे तीन मिनिटं मिळतात आणि मागून ढकलत राहतात. एक मात्र खरं, आत गारवा आहे. भायखळ्याला जायचं ते संग्रहालयासाठी आणि त्याच्या अंगणातल्या दगडी हत्तीसाठी. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती हाच. बेटावर तो नाहीच. इंग्रजांनी १८६४ मध्ये विलायतेला न्यायला उचलला, यारीचा, म्हणजे क्रेनचा, साखळदंड तुटून हत्ती फुटला, मग तुकडे जोडून तो इथे उभा राहिला. सांधे दिसतात. घारापुरीला "हत्ती कुठेय" विचारणारे डझनभर लोक भेटतात, त्यांना भायखळ्याला पाठवा.

कान्हेरीबद्दल फसवणूक नकाशाच करतो. बोरिवली स्टेशनपासून उद्यान चालत दहा-पंधरा मिनिटं, हे खरं. पण लेणी गेटच्या आत सहा-सात किलोमीटर आहेत. आतली बस भरली की सुटते. सकाळी आठच्या आत दादर सोडा, गर्दी उलट्या दिशेला असते आणि बसायला जागा मिळते. तीन नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि त्याच्या ओसरीतले दोन उंच बुद्ध बघा. वरच्या टप्प्यावर खडक तापायच्या आत, म्हणजे अकराच्या आत, खाली या. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी करायची ईर्ष्या थंडीत बाळगा.

मलबार हिलचा लाकडी निसर्गमार्ग ४८५ मीटर, तिकीट २५, ऑनलाइन वेळ आधी घ्यावी लागते. अर्ध्या तासाचं काम, तो दिवसाचा कार्यक्रम नव्हे. सकाळी सहाची वेळ घ्या. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, दादरचं पियुष आणि थालीपीठ यांत चुकण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखंही नाही.

परतीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मेमधल्या रविवार संध्याकाळच्या पुण्याच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून सोमवारी दुपारी निघा. हापूस न्यायचा असेल तर दादरला शेवटच्या दिवशी सकाळी घ्या, एक आंबा कापून बघितल्याशिवाय पेटी उचलू नका. वरून पिवळाधमक आणि आत साका, म्हणजे पांढरट बिघडलेला गर, हे मेमध्ये सर्रास. कापायला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पाच डझनाची पेटी पाच जणांत वाटायला सोपी, एवढ्या एका बाबतीत पाचाचा आकडा कामाला आला.