शाळामा पोरे व्हतात का?

१६ जुलै २०२१. चोपडा तालुक्यात वर्डीच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, प्रशिक्षणाचं छोटं विमान कोसळलं. शिकवणारे वैमानिक गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. तिथल्या आदिवासी लोकांनी साडीची झोळी केली आणि तिला चिखलातून खाली आणलं.

माय ओट्यावर लसूण सोलत होती. मी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, तर तिनं पहिलं विचारलं, "शाळामा पोरे व्हतात का?"

"नाही गं माय, डोंगरात पडलं. आणि कोरोनात शाळा कुठे भरतेय?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. मायचा तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. दोनेक वर्षांनी लँकशायरमधल्या फ्रेकल्टन गावाबद्दल वाचलं, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. तिथे उत्तर 'हो' होतं.

२३ ऑगस्ट १९४४, बुधवार. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडच्या त्या गावाला लागूनच वॉर्टन इथे अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ होता. लढायला निघायचा नव्हे, दुरुस्तीचा. विमानं तिथे यायची, तयार व्हायची, तपासायला वर न्यायची आणि मग पुढे रवाना व्हायची. त्या सकाळी दोन बी-२४ लिबरेटर बॉम्बर चाचणीसाठी उडाले. थोड्याच वेळात आभाळ भरून आलं आणि तळावरून दोघांनाही परत बोलावलं गेलं. एक विमान वादळातून बाहेर निसटलं. दुसरं, फर्स्ट लेफ्टनंट जॉन ब्लोमेंडाल यांचं, उतरता उतरता गावावर आलं. उजव्या पंखाचं टोक झाडाला लागलं, पुढे एका इमारतीच्या कोपऱ्यावर तो पंख तुटला. पंचवीस टनांचं ते धूड तीन घरं आणि सैनिकांचं एक छोटं खानावळीवजा दुकान मोडत रस्ता ओलांडून गेलं. पेट्रोल पेटलं, आणि शाळेचा बालवर्गाचा भाग त्या आगीत सापडला.

एकूण ६१ माणसं गेली. त्यांत ३८ मुलं. बहुतेक चार-पाच वर्षांची. विमानातले तिघेही गेले. त्या वर्गाच्या दोन्ही शिक्षिकाही गेल्या.

माझ्या हजेरीत ३१ नावं आहेत. आकडा वाचला आणि मी हजेरीपत्रक उघडून बसले. ३८ म्हणजे पान भरून खाली आणखी सात ओळी.

चौकशीत नेमकं कारण ठरलं नाही. पण वादळ किती भयंकर आहे हे वैमानिकाच्या फार उशिरा लक्षात आलं असावं, असं म्हटलं गेलं. हे मला समजतं, कारण वादळ आम्ही जवळून बघतो. मागच्या जूनमध्ये रावेरकडे मामाची घड बाहेर पडलेली केळीची बाग वीस मिनिटांत झोपली. दुसऱ्या दिवशी बांधावर उभी राहिले तर खोडं एका दिशेला पडलेली नव्हती. मधल्या एका जागेपासून चहूबाजूंनी बाहेर आडवी झाली होती. वरून वारा खाली आपटतो आणि जमिनीला लागून पसरतो, तो असा. उतरणाऱ्या विमानाचा वेग कमी असतो, चाकं खाली असतात, सावरायला उंची नसते. अशा वेळी हा वारा गाठ पडला तर हातात काय उरतं?

लिबरेटर विमान आपल्याला परकं नाही. युद्ध संपल्यावर कानपूरला मोडीत पडलेली ही विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उभी केली. टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती तशीच कानपूरहून बंगळूरला उडवत घेऊन गेले, आणि आपल्या हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. मोडकं विमान पहिल्यांदा वर नेणारा माणूस शत्रूसमोर नसतो, म्हणून त्याचा धोका कमी होत नाही.

आकडेही तेच सांगतात. युद्धाच्या काळात अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर, गोळी न झाडता, लष्करी विमानांच्या अपघातांत सुमारे १५ हजार माणसं गेली. बॉम्ब टाकणाऱ्या ब्रिटिश विमानदलाची, बॉम्बर कमांडची, ५५ हजारांवर माणसं मारली गेली, त्यांतली आठ हजारांहून अधिक प्रशिक्षणात आणि अपघातांत. आमच्या पाठ्यपुस्तकात युद्ध म्हणजे आघाडी, तह आणि सन. तळाशेजारचं गाव त्यात नसतं. मला ते फार चुकीचं वाटतं.

फ्रेकल्टनच्या मुलांना एकाच मोठ्या कबरीत शेजारी शेजारी ठेवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये वॉर्टनच्या अमेरिकी सैनिकांनी आपल्या हातांनी गावात मुलांसाठी खेळाचं मैदान करून दिलं. तिथल्या दगडावर त्यांनी स्वतःला 'शेजारी' म्हटलंय, आणि झालेल्या नुकसानाला 'दोघांचं'.

हे सगळं मी मायला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईंचं नाव सांग." मी दोघी शिक्षिकांची नावं सांगितली. तिला ती नीट उच्चारता येईनात, तरी तिनं दोनदा म्हणून पाहिली.