मधुमेही किती? आधी चाचणी कुठली ते सांगा

भारतात मधुमेही किती, याची गेल्या काही वर्षांत तीन भारदस्त उत्तरं आली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ म्हणाला, २०२१ मध्ये ७.४ कोटी. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या २०२३ च्या निबंधात त्याच २०२१ सालासाठी १०.१ कोटी. आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एनसीडी-रिस्क या जगभरातल्या संशोधकांच्या गटाने २०२२ साठी थेट २१.२ कोटी छापले. मी सर्वेक्षणांच्या आकडेमोडीवर पोट भरते, त्यामुळे बातमी आली की मामा हमखास विचारतो, "काय गं, यातलं खरं कुठलं?"

मी उलट विचारते, चाचणी कुठली?

महासंघ स्वतः कुणाचं रक्त तपासत नाही, उपलब्ध अभ्यासांवरून अंदाज बांधतो. इंडियाबने मात्र १ लाख १३ हजार लोक गाठले, बोटातून रक्त घेतलं, आधी उपाशीपोटी आणि मग ग्लुकोज पाजून दोन तासांनी. एनसीडी-रिस्कने उपाशीपोटीची साखर १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी, ६.५ टक्के गाठला की माणूस मधुमेही धरला, औषधं घेणारे तर धरलेच. आता या एचबीए१सीची गोम अशी की लोहाच्या कमतरतेत तो खऱ्या साखरेपेक्षा चढा दिसू शकतो. आणि आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि लोहाची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून २१.२ कोटी खोटे, असं मी म्हणणार नाही. पण ते १०.१ कोटींच्या शेजारी ठेवून 'वर्षभरात दुप्पट' असा मथळा देणाऱ्यांचा मला राग येतो.

चाचणी एकच असली तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलीत 'शेवटचं खाणं किती वाजता' या रकान्यात एका गावातल्या झाडून सगळ्यांनी रात्री ९ वाजता जेवण संपवलं होतं. अख्खं गाव एका ठोक्याला हात धुतं होय? त्या गावाच्या उपाशीपोटीच्या नोंदी मी बाजूला काढल्या. सकाळी चहा घेऊन आलेला माणूस उपाशी म्हणून नोंदला गेला, तर त्याची साखर उगाच वर जाते. शिवाय भल्या पहाटे कामावर जाणारे पुरुष घरी सापडतच नाहीत. मग सापडलेल्या पुरुषांना हिशेबात जास्त वजन देऊन, म्हणजे एकाला अनेकांच्या जागी मोजून, आकडा जुळवायचा. तो जुळतो, पण न भेटलेले लोक भेटलेल्यांसारखेच असतील हे गृहीत धरून.

प्रमाण वाढलं म्हणजे रोग फोफावला, हेही दर वेळी खरं नसतं. उपचार सुधारले की मधुमेही जास्त वर्षं जगतात आणि तेवढ्यानेही टक्का चढतो. नवे रुग्ण दरवर्षी किती, हा वेगळा हिशेब. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा तपासावी लागतात. ते खर्चिक असतं, म्हणून फारसं कुणी करत नाही.