तुम्ही विचारलंत म्हणून : स्विच कोणते घेऊ?

माझ्या टेबलाशी कुणी आलं की आधी एक बटण दाबून बघतं, मग सहज दोन-चार, मग अख्खी ओळ. आणि मग हमखास प्रश्न येतो, "मलाही असा मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जोडायचाय. पहिलाच आहे. स्विच कोणते घेऊ?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अपुरं वाटतं, म्हणून आज नीट लिहिते.

आधी स्विचचंच सांगून टाकते. अशा कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्याच्या पोटात एक स्प्रिंग, वर-खाली होणारी एक दांडी आणि धातूची एक पातळ पट्टी. दांडीच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असतं, त्यावर कीकॅप, म्हणजे अक्षर छापलेली टोपी, बसते. चेरी या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच आणले. पुढे त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्याही त्याच मापाचे स्विच बनवायला लागल्या. म्हणून आज एकाचा स्विच दुसऱ्याच्या कीबोर्डात बिनतक्रार बसतो. प्रकार तीन : सरळ खाली जाणारा लिनिअर, मध्ये बोटाला हलकासा उंचवटा जाणवणारा टॅक्टाइल, आणि त्या उंचवट्याबरोबर टिक् असा आवाज करणारा क्लिकी. चेरीचा लाल लिनिअर स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतं आणि त्याला साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. बाकीच्या स्विचचे आकडे या मापाशी ताडून बघितले की अंदाज येतो.

यापेक्षा जास्त विचार पहिल्या वेळी करू नका, असं मी मनापासून सांगते. फक्त पीसीबी, म्हणजे सगळे स्विच ज्यावर बसतात तो सर्किटचा पत्रा, हॉटस्वॅप घ्या. त्यात स्विचचे दोन पाय सॉकेटमध्ये नुसते खोचायचे असतात, सोल्डरिंग लागत नाही. नाही आवडले स्विच, तर महिन्याभराने सगळे उपटून दुसरे लावता येतात. अर्ध्या-पाऊण तासात बदलता येणाऱ्या गोष्टीसाठी लोक दोन-दोन महिने व्हिडिओ बघत बसतात, आणि जी गोष्ट नंतर सहजी बदलता येत नाही तिच्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

ती गोष्ट म्हणजे स्टॅबिलायझर.

स्पेसबार साध्या बटणाच्या सव्वासहापट लांब असतो आणि त्याच्या मध्यभागी स्विच मात्र एकच. टोकाला अंगठा पडला तर तो तिरका होऊन अडकेल. तसं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकची दोन घरं आणि त्यांना जोडणारी एक वाकवलेली तार असते. एक बाजू खाली गेली की तार दुसरीलाही खाली ओढते. एंटर, बॅकस्पेस आणि डाव्या शिफ्टखालीही हेच. ही तार घरात सैल असली की प्रत्येक दाबाला खडखडते, आणि स्पेसबार तर आपण प्रत्येक शब्दानंतर दाबतो.

पहिल्या कीबोर्डच्या वेळी मी आठवडाभर रोज संध्याकाळी स्विच उघडून त्यांना ब्रशने ग्रीस लावत होते. स्टॅबिलायझर पाकिटातून काढले आणि तसेच स्क्रूने आवळले. सगळं बंद करून लिहायला बसले. अक्षरांचा आवाज सुरेख, गोल, खोल. आणि मध्येच स्पेसबार, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. दोन दिवस सहन केलं. मग उघडायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की स्टॅबिलायझर पीसीबीवर आहेत, त्यांच्या वर स्विच ज्या भोकांत बसतात ती प्लेट आहे, आणि प्लेट आणि पीसीबीला एकत्र धरून ठेवलंय ते अडुसष्ट स्विचनी. सगळ्या कीकॅप काढा, सगळे स्विच उपटा, तेव्हा कुठे त्या तारेला हात लागतो. परत बसवताना एका स्विचचा पाय सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडला आणि 'एन' मुका झाला. तो स्विच काढला, चिमट्याने पाय हळूच सरळ केला, पुन्हा बसवला, मग चालला. स्विच नेहमी उभा, सरळ रेषेत दाबायचा आणि दाबताना पीसीबीला मागून बोटाचा आधार द्यायचा, हे मी तिथे शिकले. आधार नसेल तर सॉकेटच मागून निसटू शकतं.

तेव्हा सगळ्यात निवांत संध्याकाळ स्टॅबिलायझरसाठी राखून ठेवा. तार एखाद्या सपाट काचेवर ठेवा आणि एकेका टोकावर नखाने टिचकी मारा. एक टोक काचेला टेकलेलं नसेल तर बारीक टिक् ऐकू येतं. तिथे बोटांनी अगदी किंचित पीळ द्या, पुन्हा ठेवा, पुन्हा टिचकी. मला पहिल्या तारेला वीस मिनिटं लागली होती. दोन्ही टोकं गप्प झाली की त्यांना जाड डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा, सढळ हाताने. घराच्या आतल्या भिंतींना मात्र पातळ थर पुरे. क्रायटॉक्स २०५जी० नावाचं ग्रीस त्यासाठी बरेच जण वापरतात, मीही तेच वापरते. स्विचला ते इतकं पातळ लावायचं की प्लास्टिकवर नुसती ओलसर चमक दिसावी. जास्त झालं तर बटण वर यायला आळसावतं.

आणि काहीही जोडायच्या आधी पीसीबी तपासा. केबल लावा, संगणकावर एखादी कोरी फाइल उघडा, आणि चिमट्याच्या दोन टोकांनी एकेका स्विचच्या जागेवरचे दोन संपर्क जोडा. नुसता हिरवा पत्रा, ना बटण ना स्विच, आणि चिमटा टेकताच पडद्यावर 'ए' उमटतो! मला अजूनही हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो. एखादं अक्षर उमटलं नाही तर पीसीबी परत पाठवायची वेळ हीच, सगळं जोडून झाल्यावर नव्हे.

कीकॅप पीबीटी या प्लास्टिकच्या घ्या. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या वापरून लवकर गुळगुळीत, तेलकट दिसायला लागतात. पीसीबीवरचा दिवा स्विचच्या पडद्याकडच्या बाजूला असेल तर चेरी प्रोफाइल या आकाराच्या काही कीकॅप मधल्या ओळीत स्विचला घासतात, तेवढं विकत घेण्याआधी बघा. आवाज बदलायला आत घालतात ते फोम, टेप वगैरे पहिल्या वेळी राहू द्या. कीबोर्डचा मूळ आवाज तर ऐका.

तरीही स्विचचं नाव हवंच असेल, तर दाबायला ना हलके ना जड असे लिनिअर घ्या आणि मोजून लागतात त्याहून पाच-सहा जास्त घ्या, कारण एखादा पाय तुटतोच.

शेवटी जोडताना सगळे स्विच एकदम बसवू नका. कोपऱ्यांतले चार आणि लांब बटणांखालचे तेवढे बसवा, आणि फक्त लांब कीकॅप लावा. आता स्पेसबार मधोमध दाबा, मग डाव्या टोकाला, मग उजव्या. तिन्ही ठिकाणी आवाज सारखाच यायला हवा. नाही आला तर तार पुन्हा काचेवर ठेवा. आत्ता उपटायला आठच स्विच आहेत.