काकूंनी हात रिकामाच ठेवला

नामिबियाच्या टूरवर टूर मॅनेजर म्हणून माझं निम्मं काम म्हणजे टोप्या, पाणी आणि कोणाचा गुडघा कुठे बोलणार याचा अंदाज. ब्रांडबर्ग डोंगरातली ‘व्हाइट लेडी’, म्हणजे खडकावर रंगवलेलं जुनं चित्र, बघायला पाऊणएक तास कोरड्या दरीतून चालायचं, आणि पोचल्यावर जेमतेम ४० सेंमीचं चित्र, तेही गजांच्या मागे, कारण आधीच्या टुरिस्टांनी रंग उठून दिसावा म्हणून पाणी ओतून ओतून त्याची वाट लावलीय. “एवढंसंच?” हे प्रत्येक बॅचमधे ऐकतो.

माझी टेप ठरलेली. १९१८ मधे माक नावाच्या जर्मन सर्व्हेअरला हे सापडलं, मग ब्रॉय नावाचे मोठे फ्रेंच संशोधक म्हणाले ही भूमध्य समुद्राकडची गोरी बाई. अंगाचा खालचा भाग पांढरा दिसला की झाली गोरी! हातातलं धनुष्य राहिलं बाजूला. आता मानतात की हा पुरुष, अंगाला रंग फासलेला, सान लोकांचा (इथल्या मूळच्या शिकारी लोकांचा) भगत. इथे सगळे ब्रॉयवर हसतात.

यावेळी एक काकू हसल्या नाहीत. रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. “अरे, दुसऱ्या हातात काय आहे?” म्हटलं कोणी फूल म्हणतं, कोणी पेला. “तेच ठरत नाहीये, मग भगत कसा ठरला? त्यांना बाई दिसली, तुम्हाला भगत दिसतो.” मी गप्प.

दुपारी ट्वायफेलफाँटेनला, म्हणजे खडकांवरच्या कोरीव चित्रांच्या जागी, मात्र मी हिशोब चुकता करायचा म्हणून त्यांना थेट सिंहाच्या चित्रापाशी नेलं. हे रंगवलेलं नाही, दगडाने टोचून टोचून कोरलेलं. सिंहाच्या ठशात बोटं उमटतात चार, इथे प्रत्येक पंजाला पाच, आणि शेपटी काटकोनात वळून तिच्या टोकालाही पंजा! आयुष्यभर माग काढत शिकार करणारा माणूस बोटं मोजायला चुकेल का? म्हणून म्हणतात की हा सिंह नाही, अंगात आल्यावर सिंह झालेला माणूस. काकूंनी स्वतः मोजली. “हे पटलं. आणि तो जिराफ?” बाजूचा जिराफ आपला साधा जिराफ. त्याचं माझ्याकडे काहीच नव्हतं, लोकल गाइड पण नुसता हसला (त्याला हा प्रश्न माझ्याहून जास्त वेळा आला असणार).

रात्री लॉजवर काकूंनी वही दाखवली. व्हाइट लेडी अगदी हुबेहूब, धनुष्यासकट, फक्त दुसरा हात रिकामा. मी विचारलं तर म्हणाल्या, “मला जे दिसलं तेवढंच काढलं.”

पुढची बॅच पंधरा दिवसांवर आलीय आणि ‘भगत’ म्हणायचं की नाही यावर माझं अजून अडलंय.