लहान हाताला लहान पिस्तूल?

“हात लहान आहे ना, मग पिस्तूलही लहानच घ्या,” म्हणत टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात बंदुकांच्या दुकानातल्या विक्रेत्याने माझ्या मैत्रिणीपुढे रुगर एलसीपी ठेवलं. तीनशे ग्रॅमच्या आसपास वजन, खिशात मावणारं.

शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्क बाई एवढंच म्हणाल्या, “आधी स्लाइड ओढून बघ.” स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग; पहिली गोळी भरायला तो मागे ओढावा लागतो.

ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळतंय. पिस्तूल जितकं हलकं, तितका गोळी सुटतानाचा झटका हाताला जास्त. मूठ आखूड, म्हणून करंगळीला जागाच नाही. उलट २०१८ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी थोडं मोठं, जड. पण त्याची स्लाइड कमी जोर लावून मागे ओढता यावी अशीच बनवलीय. ते मैत्रिणीला सहज जमलं.

मोठं पिस्तूल कपड्यांखाली लपवण्याची अडचण खरी आहे. बारीक अंगावर मूठच आधी कपड्यातून उठून दिसते. पण ते चांगल्या होल्स्टरने, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाने, आणि कडक पट्ट्याने बरंच निभावतं. न पेलणाऱ्या झटक्याला तसा उपाय नाही.

टेक्सासात २०२१ पासून एकवीस वर्षांपुढच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणजे प्रशिक्षणाचीही सक्ती नाही. मग घेण्याआधी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याचं पिस्तूल चालवून बघ, हे किती जणींना कुणी सांगतं?