काठ ३२२ इंच

एरवी आधी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची आणि मग तिच्या मापानं किनार कापायची. या कामात उलटं झालं. किनार आधी ठरली आणि वाकळ तिच्या मापात बसवावी लागली.

वहिनी बोचकं घेऊन आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई, म्हणजे काकी. बोचक्यात विटलेली लुगडी, धोतरं, पोरांचे शाळेचे शर्ट आणि सगळ्यात खाली गोमी नक्षीच्या काठाचं इरकली लुगडं, सासूबाईंच्या आईचं. वहिनींची अट अशी की हा काठ चारी बाजूंनी सलग फिरला पाहिजे, जोड कुठं दिसता कामा नये. आणि वाकळ हवी डबलबेडची, ९० बाय १००.

मी तिथंच गणित मांडलं. नऊवार म्हणजे ३२४ इंच. ९० बाय १०० ला चारी बाजू मिळून ३८० लागतात. काठ ओढून काही वाढत नाही. वहिनींचा चेहरा पडला. काकी मात्र म्हणाल्या, "सिंगलच कर गं. मी एकटीच निजते."

लुगड्याला काठ दोन, पण दोन्ही सारखे नसतात. खालचा घोट्याशी घासून विरलेला, वरचा कमरेत खोचलेला म्हणून शाबूत. वरचाच घेतला. आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवला. इरकलीचं अंग सुती आणि काठ रेशमी धाटणीचा, दोन्हींचं आटणं वेगळं. त्यात लाल रंग. पुढं जे काही व्हायचं ते शिवायच्या आधीच होऊ दे, असा माझा हिशेब. वाळल्यावर दोन्ही टोकं सरळ कापून मोजला तर ३२२ भरला. शिवणीला आणि जोडाला चार इंच सोडून ३१८ उरले, म्हणजे वाकळ बाहेरून ६६ बाय ९३. काठ चार इंच रुंद, तेव्हा मधलं अंग शिवणीसकट साडेअठ्ठावन्न बाय साडेपंच्याऐंशी. अंग हातानं शिवणाऱ्या आक्कांना ते चारी बाजूंनी सैल धरायला सांगितलं होतं, कारण हाताच्या टाक्यानं कापड गोळा होतंच.

अंग शिवून झालं आणि छाटायचा दिवस उजाडला. तो पाहायला दोघी आल्या. मला खरं तर कापताना गिऱ्हाईक समोर नको असतं.

वाकळ फरशीवर पसरली. लांबीला मधोमध टेप धरला तर ८७, कडेनं धरला तर साडेअठ्ठ्याऐंशी. मधे टाके दाट, कडेला विरळ, म्हणून कड मोकळी राहते आणि लाटा धरते. कडेच्या मापानं किनार कापली तर त्या लाटा किनारीसकट जन्मभर राहतात. माप नेहमी पोटातून घ्यायचं, तेही तीन ठिकाणी. आक्का टेप वापरत नाहीत, त्यांचं सगळं वितीवर. पण कोपरे तपासायला त्यांची सुतळी माझ्या टेपाहून बरी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणायची, गाठ मारायची आणि दुसऱ्या कर्णावर धरायची. गाठ चार बोटं पुढं गेली. "तिरपी हाय," आक्का म्हणाल्या आणि तंबाखू मळायला बसल्या.

सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन, लावून खडूनं रेघा मारल्या. रेघेच्या आत एक सूत सोडून चारी बाजूंनी मशीनची शिवण घातली. ती न घालता कात्री चालवली तर हाताचे टाके टोकाकडून सुटत जातात आणि आक्कांचे महिन्याभराचे कष्ट वाया.

मी कात्री उचलली तशा काकी पुढं सरकल्या. "कापायलाच हवं का? नुसतं दुमडून घे की." पाच थरांची कड दुमडली तर दहा थर होतात, सुई मोडते आणि कोपरा दगडासारखा लागतो. हे ऐकून त्या गप्प झाल्या, पण पटलेलं दिसलं नाही.

पहिली बाजू छाटली आणि त्या खाली वाकल्या. कापलेल्या कडेला पाचही थर उघडे पडले होते. काकी नखानं एकेक थर वेगळा करत बोलू लागल्या. हे माझं हिरवं लुगडं. हे यांचं धोतर. हे जाऊबाईंचं. मग निळी रेघ आली. "हा बाळूचा शर्ट, दहावीत दोनदा बसला तो." वहिनींनी तोंडाला पदर लावला. बाळू म्हणजे त्यांचे यजमान, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या तिन्ही बाजूंना काकींनी हरकत घेतली नाही. उलट कात्री पुढं सरकेल तशा त्याही सरकत होत्या.

मग काठ. मागून मांजरपाटाची पट्टी दिली, मधे धोतराचा एक पदर. काठावर ६६, ९३, ६६, ९३ अशा टाचण्या आधीच लावून ठेवल्या होत्या. छाटूनही लांब कड दीड इंच जास्त भरत होती, मग टाचणी ते टाचणी ती वाटून घेतली. मशीनवर वाकळ खाली, काठ वर. मशीनचे दाते खालचं कापड जास्त ओढतात, त्यामुळं जास्तीचं कापड चुणी न पडता आत जातं. कोपऱ्यावर काठ तिरपा दुमडला की गोमीची नक्षी वळणावर एकमेकींना भिडते. तीन कोपऱ्यांवर छान भिडली. चौथ्यावर दोन्ही टोकं यायची होती, तिथं नक्षी अर्ध्या गोमीनं चुकली. जोड दुमडीत गेला, पण बघणाऱ्याला दिसेल. वहिनींना दिसला. काकी म्हणाल्या, "तो कोपरा पायाशी घेईन."

छाटलेल्या पट्ट्या त्यांनी पिशवीत भरून घेतल्या. निघताना विचारलं, "त्या खालच्या काठाचं काय?" नातसुनेला सातवा लागलाय. छत्तीस इंचाच्या दुपट्याला १४४ इंच काठ पुरतो. विरलेला भाग टाकून सलग दीडशे निघाला. काम घेतलं.