झाडांआधी भाडं

मी नगररचना विभागात काम करतो. त्या दिवशी एका दाट वस्तीत नव्या उद्यानाच्या आराखड्यावर जनसुनावणी होती. शहरातली सर्वांत तापणारी वस्ती, सावलीचा पत्ता नाही आणि बहुतेक कुटुंबं भाड्याने राहणारी. हरकती येतील त्या वाहनतळाच्या आणि रस्तारुंदीच्या, असा आमचा अंदाज होता.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. ‘‘साहेब, झाडाला सावली धरायला किती वर्षं लागतात?’’

‘‘आठ-दहा तरी,’’ मी म्हणालो.

‘‘आणि बाग झाल्यावर आमचं भाडं वाढायला?’’

आमच्या उद्यान अधिकाऱ्यांनी बाग तुमच्यासाठीच असल्याचं समजावलं. ते मनापासून बोलत होते. पण बाईंचा हिशेब पक्का होता. बागेमुळे आजूबाजूच्या जमिनीची किंमत वाढते, ती वाढ मालकाच्या खिशात जाते आणि भाडेकरूच्या वाट्याला येते ती घर सोडण्याची नोटीस. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ मध्ये ‘हाय लाइन’ उद्यान सुरू झालं, त्यानंतर आजूबाजूच्या जमिनीच्या किमती अशाच वाढल्या. भोवती महागडे मनोरे उभे राहिले. शेजारच्या सार्वजनिक घरांतल्या रहिवाशांसाठी आपण पुरेसं केलं नाही, असं त्याच्या एका संस्थापकानेच पुढे जाहीरपणे सांगितलं.

मग बाग नकोच म्हणायचं का? मला ते अजिबात पटत नाही. गरीब वस्त्या आपोआप तापलेल्या नाहीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंगात दाखवून ज्या वस्त्यांना कर्ज नाकारलं गेलं, तिथली जमीन आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापते, असं २०२० मध्ये १०८ शहरी भागांच्या अभ्यासातून दिसलं. ज्यांची सावली आधी पैशाच्या धोरणाने हिरावली, त्यांना आता भाडं वाढेल म्हणून पुन्हा उन्हातच ठेवणं हा दुसरा अन्याय ठरेल.

प्रश्न क्रमाचा आहे. वॉशिंग्टनमध्ये नदीवरच्या ‘इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिज पार्क’चं बांधकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्येच, रहिवाशांना घरं आणि रोजगार टिकवता यावेत म्हणून वेगळा आराखडा केला गेला. त्यातूनच सामुदायिक भूमी न्यास उभा राहिला. या पद्धतीत जमीन न्यासाकडे राहते, घर कुटुंबाच्या मालकीचं असतं आणि विकताना किंमत ठरलेल्या सूत्राबाहेर जात नाही. त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं.

सुनावणीनंतर दालनात वाद झाला. घरांचा विषय गृहनिर्माण खात्याचा, आपण झाडांपुरतं पाहावं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. मी म्हणालो, जमिनीची किंमत आपल्या रेषेने वाढणार असेल तर तो विषय आपलाच आहे. वाढीव किमतीतला काही वाटा कररूपाने घ्यायचा, त्यातून वस्तीतले भूखंड न्यासासाठी आधी खरेदी करायचे आणि मगच बागेची निविदा काढायची, असं टिपण मी त्याच संध्याकाळी लिहिलं. वरिष्ठांनी कराचा मुद्दा बाजूला ठेवला. तो कायद्याशिवाय होणार नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. भूखंड खरेदीचं कलम मात्र बागेच्याच ठरावात घ्यायला त्यांनी मान्यता दिली. कराचं टिपण आता विधी विभागाकडे आहे आणि त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही.